खेळाचे मुखचित्र कसे पारखावे?



गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. अभियांत्रिकीचे शिक्षण संपल्यावर नोकरीच्या मागे न लागता त्याने व त्याच्या दोघा मित्रांनी संगणकावर खेळावयाचा एक साहसखेळ तयार करण्याचे मनावर घेतले होते. त्यात दोन वर्षे गेली होती, आणि घरच्या मंडळींनी घालून दिलेली मुदत पावसाळ्याअखेर संपणार होती. खेळ पुरा होत आला होता. आता तो विक्रीस ठेवावयाचा, म्हणजे दुकानात लावावयाचे एक मुखचित्र हवे. ते चित्र त्याने माझ्यापुढे धरले आणि आपल्या घरच्या कोकणीत विचारले, "सर, हें चित्र कशें दिसता?"

मी सहज म्हणालो, "छान आहे." त्याचा चेहरा किंचित उतरला. मला तत्काळ उमगले की, त्याने मागितला होता अभिप्राय आणि मी दिली होती शाबासकी. निबंधाच्या वहीवर मी नुसते 'छान' लिहिले तर तुम्हांस त्याचा काही उपयोग होत नाही. कोठे छान, कशामुळे छान आणि काय उणे, हे सांगितले तरच पुढचा निबंध सुधारतो. चित्राचेही तसेच आहे. म्हणून त्याला दोन दिवसांनी पुन्हा यावयास सांगितले आणि या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्या अभ्यासातून जे हाती आले, ते या लेखात मांडीत आहे.

मुखचित्राची कला आपणांस परकी नाही. मडगावात १९१६ साली जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे रंगविली आणि १९४५ पासून 'दीपावली' हा वार्षिक अंक काढला. पुस्तकविक्रेत्याच्या फळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या पुस्तकांतून एखादे आपण हाती घेतो, त्यात मुखपृष्ठाचा वाटा मोठा असतो. लेखक आत काय सांगणार आहे याची चाहूल ते देते. परंतु पुस्तक हाती घेऊन चाळता तरी येते. खेळ मात्र विकत घेईपर्यंत बहुधा बंदच राहतो. म्हणून त्याच्या मुखचित्रावर अधिक भार पडतो.

आरंभीच्या काळात हा भार फारच मोठा होता. १९८० साली अटारी कंपनीने 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ बाजारात आणला. वॉरन रॉबिनेट या गृहस्थांनी तो रचला होता. राजवाडे, चक्रव्यूह, ड्रॅगन आणि एक मंतरलेला चषक अशी त्याची कथा. पण त्या यंत्राची शक्ती इतकी तोकडी होती की, सबंध खेळ ४ किलोबाइटांत बसवावा लागला. पडद्यावर कथेचा नायक म्हणजे केवळ एक चौकोनी ठिपका होता आणि ड्रॅगन पाहून बदकाची आठवण व्हावी, असे ते रूप होते. खोक्यावरील रंगीत चित्रात मात्र अद्भुत जग उभे होते. ही फसवणूक म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. त्या काळचा खेळणारा खोक्यावरचे चित्र मनात धरून पडद्यावरच्या ठिपक्याला नायक मानीत असे. जे यंत्राला दाखविता येत नव्हते, ते चित्र पुरवीत होते.

आज परिस्थिती नेमकी उलट आहे. यंत्रे समर्थ झाली, परंतु खोके नाहीसे होत चालले. बहुतेक लहान, स्वतंत्र निर्मात्यांचे खेळ जालावरील दुकानांतूनच विकले जातात. संगणकावरील खेळांचे असे एक फार मोठे दुकान म्हणजे 'स्टीम'. २०२४ या एका वर्षात तेथे अठरा हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले, म्हणजे दिवसाला सरासरी पन्नास. एवढ्या गर्दीत नव्या खेळाच्या वाट्याला ग्राहकाचा एखादा दृष्टिक्षेप आला तरी पुष्कळ! मोठ्या कंपन्या आपल्या खेळाचा डांगोरा जगभर पिटू शकतात. तिघा मित्रांच्या खेळाला मात्र दारावर लावलेली ही पाटी हाच काय तो आधार असतो.

या पाटीचे काही नियमही आहेत. निर्मात्याला एकच चित्र देऊन भागत नाही. निरनिराळ्या जागांसाठी निरनिराळ्या आकारांची चित्रे द्यावी लागतात. ग्राहकाच्या संग्रहात दिसणारे चित्र उभे असते; ते ६०० बिंदू रुंद व ९०० बिंदू उंच. याद्यांतून दिसणारे लहान चित्र आडवे असते. ते ४६२ बिंदू रुंद व १७४ बिंदू उंच. शिवाय १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने असा दंडक घातला की, या चित्रांवर खेळाचे चित्र, त्याचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक यांखेरीज काहीही असू नये. परीक्षणांतील स्तुतिवाक्ये, पारितोषिकांची पदके, सवलतीची जाहिरात हे सर्व निषिद्ध ठरले. दुसऱ्याच्या प्रशस्तिपत्रावर मोठेपणा मिरविण्याची सोय उरली नाही. चित्राने स्वतःच बोलावयाचे.

असे चित्र पारखताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत. क्रम महत्त्वाचा आहे. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, तर पुढील तिहींचा उपयोग नाही.

पहिला प्रश्न : ते दिसते काय? वर सांगितलेले लहान चित्र दुकान काही ठिकाणी आणखी आकसून अवघे १२० बिंदू रुंद व ४५ बिंदू उंच करते. थोडे गणित करा. मूळ चित्रात सुमारे ८०,४०० बिंदू होते. आता उरले ५,४००. म्हणजे जवळजवळ पंधरा बिंदूंचे मिळून एकच बिंदू झाले. त्या पंधरांचे रंग एकमेकांत मिसळून सरासरीचा एक रंग उरतो. अक्षराची रेघ मूळ चित्रात तीन बिंदू जाड असेल, तर लहान चित्रात तिच्या वाट्याला पुरता एक बिंदूही येत नाही. ती भोवतालच्या रंगात विरघळून जाते. नाजूक वळणाची अक्षरे, बारीक दागिने, दूरच्या माणसांचे चेहरे यांची तीच गत होते. टिकतात त्या तीनच गोष्टी : ठळक आकार, काळोख-उजेडाचा स्पष्ट फरक आणि जाड अक्षरे. रंग भिन्न असले म्हणजे आकार उठून दिसतो, असेही समजू नये. गडद तांबडा आणि गडद हिरवा हे रंग निराळे खरे. पण चित्र काळे-पांढरे केले की दोन्ही एकाच करड्या छटेचे होतात. म्हणून चित्र एकदा काळे-पांढरे करून आणि एकदा डोळे किलकिले करून अवश्य पाहावे.

दुसरा प्रश्न : त्यातून काही कळते काय? साहसखेळ अनेक प्रकारचे असतात. कोणात कोडी सोडवावयाची, कोणात लढावयाचे, कोणात नुसते हिंडत हिंडत एक कथा उलगडावयाची. 'येथे मला काय करावयास मिळेल?' या ग्राहकाच्या मनातील प्रश्नाला चित्राने निदान अर्धे उत्तर द्यावयास हवे. सुंदर सूर्यास्त, पण त्यात ना माणूस, ना वाट, ना काम, असे चित्र भिंतीवर शोभेल. दुकानात ते मुके ठरते.

तिसरा प्रश्न : त्यात भाव आहे काय? याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे 'फायरवॉच'. अमेरिकेतील काम्पो सांतो या छोट्या संस्थेने हा खेळ फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. वायोमिंग राज्यातील अरण्यात, १९८९ सालच्या उन्हाळ्यात, हेन्री नावाचा एक मनुष्य वणव्यावर नजर ठेवण्याची नोकरी धरतो. उंच टेहळणी मनोऱ्यात तो एकटा राहतो. सोबतीला बिनतारी यंत्रावरून ऐकू येणारा डिलायला या वरिष्ठ बाईंचा आवाज, एवढेच. कथेच्या आदल्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्याच राज्यातील यलोस्टोन उद्यानात प्रचंड वणवे खरोखरच पेटले होते.

या खेळाच्या चित्रांचे रंगरूप ऑली मॉस या ब्रिटिश चित्रकाराने ठरविले, आणि जेन इंग या कलावतीने त्याच्या सपाट चित्रांतील सृष्टी खेळात चालण्या-फिरण्याजोगी उभी केली. मॉस यांच्यापुढे नमुना होता तो १९३८ ते १९४१ या काळात अमेरिकन सरकारच्या योजनेखाली छापलेल्या राष्ट्रीय उद्यानांच्या भित्तिपत्रकांचा. ती पत्रके रेशमी जाळीतून एकेक रंग चढवून छापीत. रंग मोजकेच असत, म्हणून आकार सोपे व ठळक ठेवावे लागत. गंमत पाहा! छपाईच्या अडचणीतून जन्मलेली ती शैली, सत्तर-पाऊणशे वर्षांनी, इवल्याशा चित्राच्या अडचणीलाही नेमकी उपयोगी पडली.

'फायरवॉच'चे चित्र म्हणजे एकामागून एक उभे असलेले डोंगर; जवळचे गडद, दूरचे फिकट होत गेलेले, आणि सगळ्यांवर नारिंगी उजेड. त्यात उंच वृक्ष, एक मनोरा आणि एक लहानशी मानवी आकृती. चित्र कितीही लहान करा, डोंगरांचे थर राहतातच. म्हणजे पहिली कसोटी पुरी झाली. मनोरा आणि अरण्य पाहून येथे हिंडावयाचे, राखण करावयाची हे ध्यानात येते, दुसरीही झाली. पण त्याचे खरे सामर्थ्य तिसऱ्या कसोटीत आहे. एवढ्या विशाल अरण्यात मनुष्य एवढासा! त्या प्रमाणातच एकाकीपणा आहे. आणि तो नारिंगी रंग मावळत्या सूर्याचा की कोठे लागलेल्या आगीचा? पाहणारा क्षणभर घुटमळतो. ते घुटमळणे हेच त्या कथेचे प्रवेशद्वार होय.

चौथा प्रश्न सर्वांत कठीण : ते खरे आहे काय? येथे एका मोठ्या कंपनीच्या खेळाचे उदाहरण घेतो, कारण एकाच खेळाची दोन मुखचित्रे त्यात शेजारी ठेवून पाहता येतात. सोनी कंपनीचा 'इको' हा खेळ २००१ साली निघाला. शिंगे असलेल्या एका मुलाला लोक अपशकुनी मानून निर्जन किल्ल्यात कोंडतात. तेथे त्याला योर्दा नावाची मुलगी भेटते. तिची भाषा त्याला कळत नाही. तिचा हात धरून तो तिला किल्ल्यातून बाहेर काढण्याची धडपड करतो. सबंध खेळ त्या धरलेल्या हातात आहे.

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत खेळ निघाला तेव्हा खोक्यावर त्या मुलाची मोठी आकृती पुढे आणलेली होती. एखाद्या लढाऊ खेळाच्या नायकासारखी. त्याच वर्षी डिसेंबरात जपानात तो निघाला, तेव्हा त्यावर खेळाचे रचनाकार फुमितो उएदा यांनी स्वतः रंगविलेले चित्र होते. जॉर्जो दे किरिको या इटालियन चित्रकाराच्या 'अनंताची ओढ' अशा अर्थाच्या चित्रावरून त्यांना ते सुचले. ओसाड, भव्य कमानी, लांबच लांब पडलेल्या सावल्या आणि त्यांतून हात धरून धावणाऱ्या दोन चिमुकल्या आकृती. पहिल्या चित्रात मुलगा आहे, पण खेळ नाही. दुसऱ्यात मुलाचा चेहराही दिसत नाही, पण खेळाचा आत्मा आहे. अमेरिकेत खेळ फारसा खपला नाही, आणि त्याचा दोष पुष्कळांनी त्या मुखचित्रास दिला. तसे सिद्ध करता येणार नाही, कारण खपाला अनेक कारणे असतात. परंतु दोहोंपैकी खेळाशी प्रामाणिक चित्र कोणते, हे सांगावयास खपाचे आकडे लागत नाहीत.

कोणी म्हणेल, "थोडी अतिशयोक्ती केली तर बिघडले काय? गिऱ्हाईक आधी आत तर येऊ द्या!" नीतीची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली तरी व्यवहारातही हे चुकीचे आहे. स्टीमवर विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत, आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, परत करून पैसे मागता येतात. लढाईच्या आशेने आलेल्याला आत शांत कथा भेटली, तर तो अर्ध्या तासात परत जातो, आणि जाताना चार कडू शब्द लिहून ठेवतो. उलट ज्याला तशी शांत कथाच हवी होती, तो ते लढाईचे चित्र पाहून दारातूनच पुढे गेलेला असतो. खोटे चित्र असे दोन्हीकडून नुकसान करते. पुष्कळ माणसे बोलावणे हे मुखचित्राचे काम नव्हे. योग्य माणसाला बोलावणे हे आहे.

आता परीक्षा प्रत्यक्ष कशी घ्यावी, ते सांगतो. ज्यांनी खेळ पाहिलेला नाही अशा पाचसहा जणांना एकेकटे बोलवावे. दुकानातील इतर आठदहा खेळांच्या चित्रांमध्ये आपले चित्र लहान आकारात ठेवावे, दोन सेकंद दाखवावे आणि झाकावे. मग 'आवडले का?' असे मुळीच विचारू नये. आपल्या माणसांना आपल्याला दुखवावयाचे नसते. 'काय काय दिसले? नाव काय होते? हा खेळ कशाविषयी असेल?' एवढेच विचारावे आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत. मध्येच 'नाही नाही, ते अमुक आहे' असे समजावू नये. दुकानात समजावयास आपण उभे असणार नाही.

माझा विद्यार्थी दोन दिवसांनी आला तेव्हा आम्ही नेमके हेच केले. त्याचा खेळ एका मुलीचा आहे. गावची फेरी बंद पडलेली आहे, नदीपलीकडे आजोबांचे जुने घर आहे, आणि हाती एक दिवा घेऊन ती रात्री होडीतून निघाली आहे. आतमध्ये युद्ध नाही. घराघरांतून विसरलेल्या वस्तू शोधावयाच्या आणि त्यांची कहाणी जुळवावयाची. चित्रात मात्र मुलगी, नदी, सात घरे, माड, चंद्र एवढे सारे होते. शिवाय कोणीतरी सुचविले म्हणून वर एका भुताचा अक्राळविक्राळ चेहरा. नाव नाजूक, लपेटदार अक्षरांत. शाळेच्या कचेरीतील दोघे कारकून, शिपाईकाका आणि आठवीतल्या तीन मुली हे आमचे परीक्षक. नाव एकालाही वाचता आले नाही. चौघांनी सांगितले, "भुताचा खेळ आहे." मुलगी पाहिली फक्त एकीने, आणि दिवा कोणीच पाहिला नाही.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, पण भूत काढले तर कोण बघेल?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याची दोन वर्षे आणि घरातील शांतता त्यावर अवलंबून होती. मी त्याला एवढेच विचारले, "तुझ्या खेळात भूत आहे का?" तो म्हणाला, "नाही." "मग ते बघून येणाऱ्याला तू आत काय देणार?"

नव्या चित्रात काळोखी नदी, एक होडी, तीत पाठमोरी मुलगी आणि तिच्या हातातील दिवा एवढेच राहिले. सर्व उजेड त्या एका दिव्याचा. नाव जाड, ठसठशीत अक्षरांत. पुन्हा परीक्षा घेतली, या वेळी दुसऱ्या सहा जणांपुढे. कारण पहिल्यांना आता खेळ ठाऊक झाला होता. पाच जणांनी नाव वाचले. दहावीतील एक मुलगा म्हणाला, "ती कोणाला तरी शोधायला चालली आहे." हे ऐकून माझ्या विद्यार्थ्याने खिडकीकडे तोंड फिरविले.

खेळ नवरात्रात विक्रीस गेला. चित्र बदलले म्हणून लक्ष्मी दारी आली, असे मी लिहिले तर तेही एक खोटे मुखचित्रच होईल. विक्री बेताची झाली. तिघांपैकी दोघांनी नोकरी धरली आहे आणि दुसऱ्या खेळाचे काम रात्री चालते. परंतु खेळ परत करणारे थोडे निघाले, आणि ज्यांनी तो घेतला त्यांतील बरेच जण शेवटपर्यंत खेळले, असे त्याने परवा सांगितले. चांगले मुखचित्र यशाची हमी देत नाही. ते फक्त आतल्या कामाला न्याय मिळण्याची संधी देते.

शेवटी तुमच्यासाठी थोडा गृहपाठ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहान संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा साहसखेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळविलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधावयास निघालेल्या मुलीची ती कथा आहे, आणि तिच्या चित्रसृष्टीत पहाडी चित्रशैली व राजस्थानी वास्तुकला यांची छाया आहे. त्याचे मुखचित्र पाहा आणि चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी दोन ओळींत लिहा. माझे उत्तर मी मुद्दामच देत नाही.

दुसरा गृहपाठ जवळचा आहे. याच वार्षिकाचे मुखपृष्ठ तुमच्या हातात आहे. लेख संपला की अंक मिटा, दहा पावले दूर ठेवा, डोळे किलकिले करून पाहा. ते दिसते काय? त्यातून काही कळते काय? त्यात भाव आहे काय? आणि आतील पानांशी ते खरे आहे काय? उत्तरे लिहून संपादक मंडळाकडे द्या. मात्र कृपा करून नुसते 'छान आहे' असे लिहू नका.